ज्युदो, विश्वभारती विद्यापीठातील

विश्वभारती विद्यापीठातील ज्युदो : शांतिनिकेतन (जि. बीरभूम, पश्चिम बंगाल) येथे रवींद्रनाथ टागोरांनी जपानी गुरू आणून सुरू केलेले ज्युदोचे शिक्षण. भारतातील विद्यापीठीय ज्युदोचा इतिहास येथून मांडावा लागतो. त्याचे दोन टप्पे पडतात. पहिला 1905 पासूनचा, ब्रह्मचर्याश्रम या शाळेतला. दुसरा 1929 ते 1931 मधला, विश्वभारती स्थापन झाल्यानंतरचा. दोन्ही टप्पे अल्पजीवी ठरले. तरीही आज मुंबई विद्यापीठाच्या संघासाठी मॅटवर उतरणाऱ्या अलिबाग-श्रीवर्धनकडच्या विद्यार्थ्याने ही हकिगत वाचायला हवी, कारण विद्यापीठात ज्युदो का रुजतो आणि का रुजत नाही, याची बहुतेक कारणे तिच्यात सापडतात.

ज्युदो मुळातच शिक्षकाने घडवलेला खेळ आहे. त्याचे जनक कानो जिगोरो (1860–1938) हे तोक्यो विद्यापीठाचे पदवीधर. 1882 मध्ये तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात मोजक्या शिष्यांसह त्यांनी कोदोकान ही संस्था काढली. ज्युजुत्सु या जुन्या जपानी झुंजविद्येतील घातक डाव त्यांनी सरावातून काढून टाकले, उरलेल्यांची शिस्तशीर मांडणी केली आणि आधी पडायला शिकवायचे, मग पाडायला, असा क्रम लावला. पुढे ते तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. तिथून बाहेर पडलेल्या शिक्षकांबरोबर ज्युदो जपानच्या शाळा-महाविद्यालयांत पोचला. 1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले. शिक्षणाची घडी नव्याने बसवू पाहणाऱ्या रवींद्रनाथांना ही विद्या आपलीशी वाटली, यात नवल नाही.

पहिला टप्पा : रवींद्रनाथांनी डिसेंबर 1901 मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. त्याच सुमारास जपानी कलाविचारक ओकाकुरा काकुझो (तेनशिन) भारतात आले आणि टागोर घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्या ओळखीतून 1905 मध्ये सानो जिन्नोसुके हे तरुण गृहस्थ शांतिनिकेतनात दाखल झाले. त्यांच्याकडे ज्युजुत्सु आणि जपानी भाषा असे दोन विषय होते. याच सानोंनी पुढे रवींद्रनाथांच्या ‘गोरा’ कादंबरीचे जपानी भाषांतर केले.

1905 हे साल योगायोगाचे नव्हते. मे महिन्यात त्सुशिमाच्या सागरी लढाईत जपानने रशियन आरमार बुडवले. आशियाई राष्ट्र युरोपीय सत्तेला हरवू शकते, याचा आनंद हिंदुस्थानभर पसरला. ऑक्टोबरात वंगभंग झाला. बंगाली तरुण दुबळा, ही इंग्रजांनी चिकटवलेली ओळख पुसण्यासाठी गावोगावी आखाडे निघत होते, सरलादेवी चौधुराणी लाठी-तलवारीचे वर्ग चालवत होत्या.

या वातावरणाचा एक धागा थेट रायगडाशी जुळतो. लोकमान्य टिळकांनी 1896 मध्ये रायगडावर शिवोत्सव भरवला. ती कल्पना बंगालमध्ये रुजवण्यात देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले बंगाली लेखक सखाराम गणेश देऊस्कर यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 1904 मध्ये शिवाजी महाराजांवर दीर्घ कविता लिहिली. पुढच्याच वर्षी सानो आले. शिवोत्सव आणि ज्युजुत्सु यांच्यात कार्यकारणभाव जोडणे अतिशयोक्तीचे होईल; पण शरीर कमावणे हे देशकार्य आहे, ही जाण दोन्हींमागे होती. फरक असा, की रवींद्रनाथ लवकरच स्वदेशी चळवळीच्या हिंसक वळणापासून दूर झाले, आणि शरीरशिक्षणाचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही.

दुसरा टप्पा : डिसेंबर 1921 मध्ये विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली. 1929 मध्ये कॅनडा-जपानच्या प्रवासात रवींद्रनाथांनी कोदोकानशी संबंध जोडला आणि त्याच वर्षअखेरीस ताकागाकी शिन्झो (1893–1977) शांतिनिकेतनात आले. सानो हे भाषा आणि ज्युजुत्सु दोन्ही सांभाळणारे गृहस्थ, तर ताकागाकी कोदोकानचे कसलेले ज्युदोपटू. त्यामुळे खऱ्या अर्थाने ज्युदोचा वर्ग म्हणावा तो हाच.

या वर्गाचे मोल ठरवताना एक गोष्ट सर्वांत पुढे ठेवली पाहिजे : त्यात मुली होत्या. कोदोकानने स्त्रियांचा स्वतंत्र विभाग 1926 मध्ये उघडला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी बंगालच्या एका लहानशा गावात मुली मॅटवर उतरल्या. शांतिनिकेतनातील अध्यापक क्षितिमोहन सेन यांची कन्या अमिता सेन त्यांच्यापैकी एक. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या त्या आई. रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्यांत रंगमंचावर येणाऱ्या पहिल्या पिढीतही त्या होत्या. भद्र घरातल्या मुलीने लोकांसमोर नाचणे आणि लोकांसमोर कुणाला खांद्यावरून उचलून आपटणे, ही दोन्ही धाडसे त्या काळी जवळजवळ एकाच तोलाची होती.

ज्युदोच्या कोणत्याही वर्गाची सुरुवात ‘उकेमी’ने, म्हणजे पडण्याच्या सरावाने होते. पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची म्हणजे डोके मागे आपटत नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी मॅटवर सपकन मारायचे, म्हणजे पडण्याचा जोर मणक्यात न शिरता हातांतून बाहेर जातो. हे अंगवळणी पडेपर्यंत डाव शिकवत नाहीत. कुस्ती पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘इप्पोन सेओइ नागे’ हा डाव पाहताक्षणी ओळखू येईल : तो जवळपास आपला धोबीपछाडच आहे. मात्र पैलवान उघड्या अंगाला भिडतो आणि ज्युदोपटू अंगरख्याची कॉलर व बाही धरतो, त्यामुळे पकडीचे सगळे गणित बदलते.

1931 मध्ये कलकत्त्याच्या न्यू एम्पायर नाट्यगृहात शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी ज्युदोची प्रात्यक्षिके दाखवली. त्यासाठी रवींद्रनाथांनी एक गीत रचले. संकोच आणि भय झटकून स्वतःच्या बळावर उभे राहा, असा त्याचा आशय असून आज ते ‘गीतवितान’ या त्यांच्या गीतसंग्रहाच्या ‘स्वदेश’ विभागात आहे. एखाद्या विद्यापीठाच्या ज्युदोवर्गासाठी नोबेल पारितोषिक विजेत्या कवीने गीत लिहिल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

प्रात्यक्षिके गाजली, पण तिजोरी रिकामी होती. ताकागाकींचा खर्च विश्वभारतीला पेलवेना. कलकत्ता महापालिकेने त्यांना ठेवून घ्यावे, अशी खटपट रवींद्रनाथांनी केली. ती फळली नाही. ताकागाकी नेपाळ आणि अफगाणिस्तानात शिकवत पुढे गेले. त्यांच्या हाताखालून त्यांची जागा घेईल असा शिक्षक एवढ्या थोड्या अवधीत तयार होणे शक्यच नव्हते, आणि गुरू गेल्यावर वर्ग मोडला. हा दोष विद्यार्थ्यांच्या उत्साहाचा नव्हता. शिक्षकाच्या पगाराची कायम तरतूद नसण्याचा होता.

नंतरची वाटचाल : स्वातंत्र्योत्तर भारतात ज्युदो स्पर्धेचा खेळ म्हणून नव्याने आला. 1960 च्या दशकात राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. 1986 च्या सोल आशियाई क्रीडास्पर्धेत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने चार कांस्यपदके मिळवली. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा ज्युदो पदकाचा खेळ झाला, तेव्हा भारतीय स्त्रियाही तिथे उतरल्या. विद्यापीठांच्या पातळीवर भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, आणि 2020 मध्ये ओडिशात झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही ज्युदो होता.

रायगड जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तिथल्या खेळाडूला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या वजनगटात निवड मिळवून विद्यापीठाच्या संघात जावे लागते. किनाऱ्यावरच्या गावांत कबड्डी घरोघरी रुजली, कारण तिला मोकळी जमीन पुरते. ज्युदोचे तसे नाही. लढतीचे क्षेत्र किमान 8 मीटर लांब-रुंद, भोवती 3 मीटर सुरक्षापट्टा, म्हणजे 14 बाय 14 मीटर. 1 बाय 2 मीटरच्या नेहमीच्या मापाने 98 मॅट लागतात. त्या पावसाळ्यातल्या दमट, खाऱ्या हवेत कोरड्या राखायला पक्के छप्पर हवे, आणि वर्षानुवर्षे टिकून राहणारा, पगारी प्रशिक्षक हवा. सरावापुरते क्षेत्र लहान घेतले तर मॅट निम्म्याने कमी करता येतात. प्रशिक्षकाच्या बाबतीत अशी काटकसर चालत नाही.