धरणावरची पट्टी आणि विहिरीवरचा दोर



शहापूर तालुक्यात तानसा धरणावर रोज सकाळी सहाच्या सुमारास पाण्याची पातळी वाचतात. पातळीचा आकडा मुंबई महानगरपालिकेच्या जल अभियंता खात्याकडे जातो आणि पाऊस लांबला की तोच आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मार्च उजाडला की बायाबापड्या हंडे घेऊन दूरच्या डोहाकडे निघतात. तिथं जाऊन विचारा, "विहिरीत पाणी किती आहे?" उत्तर मिळतं, "आहे थोडं." धरणाचं पाणी सेंटिमीटरपर्यंत मोजलं जातं, आपलं पाणी मात्र अंदाजावर चालतं. ही मोजणी कशी सुरू झाली आणि तिच्यातून आपण काय शिकावं, ते आज पाहू.

मुंबई बेटावर पूर्वी विहिरी आणि तलाव हाच आधार होता. वस्ती वाढली, तो आधार पुरेना. मग साष्टीत १८६० साली विहार तलाव झाला आणि १८७९ साली तुळशी. तेही कमी पडले, तेव्हा शहराची नजर आपल्या डोंगराकडे वळली. १८९२ साली तानसा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची ही दगडी भिंत पुढे टप्प्याटप्प्याने उंच करण्यात आली. १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झाला. शहराचे अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव त्याला दिलेलं आहे. १९७३ साली इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा झालं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून भातसाचं पाणी जाऊ लागलं आणि २०१४ साली मध्य वैतरणा सुरू झालं. यातल्या मोठ्या धरणांनी गावं आणि शेतं पाण्याखाली घेतली, हेही विसरून चालणार नाही.

आता पट्टीवरून पाणी कसं कळतं? धरण बांधण्याआधी दरीची मोजणी करतात आणि कोणत्या उंचीला किती पाणी मावेल याचा तक्ता तयार करतात. तुमच्या घरातलं घमेलं डोळ्यापुढे आणा. तळाशी बोटभर पाणी म्हणजे थोडं, काठाजवळ बोटभर पाणी म्हणजे पुष्कळ. धरणाचंही तसंच आहे. वरचं एक मीटर पाणी उतरायला जितके दिवस लागतात, त्यापेक्षा तळातलं एक मीटर लवकर संपतं. नुसतं डोळ्याने पाहणारा इथंच फसतो.

मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. भागाकार करून पाहा, साधारण ३७५ दिवसांचा हिशेब येतो. म्हणजे तलाव काठोकाठ भरले तरी बेगमी जेमतेम एका वर्षाचीच. म्हणून पावसाळा सरला की १ ऑक्टोबरला किती साठा आहे हे पाहून पुढच्या पावसापर्यंतचा हिशेब मांडतात. आपण कणगीतलं भात पाहून वर्षाचं धान्य ठरवतो, तसंच हे.

हिशेब चुकायला लागला तर काय करतात, ते २०२४ साली दिसलं. साठा दहा टक्क्यांच्या खाली आला, तेव्हा ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली. शिवाय भातसातून १,३७,००० आणि ऊर्ध्व वैतरणातून ९१,१३० दशलक्ष लिटर राखीव पाण्याची तजवीज करण्यात आली. जुलैत तलाव चांगले भरले, मग कपात उठली. शहराचे नळ कोरडे पडले नाहीत, कारण पाणी संपण्याआधीच ते किती उरलं आहे हे ठाऊक होतं.

साठ्यासारखाच नदीचा प्रवाहही मोजावा लागतो. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून वाहत पिसे इथल्या बंधाऱ्याशी येतं आणि तिथून उचललं जातं. मुरबाडकडे बारवी धरण आहे. ते औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलं आणि नंतर त्याची उंची वाढवली. त्याचं पाणी नदीवाटे उल्हासेला मिळतं आणि खालच्या शहरांना व कारखान्यांना जातं. उल्हासेचं पाणी १५ जुलैपर्यंत पुरलं पाहिजे, असा हिशेब धरून तिथं आठवड्यातून एखादा दिवस पाणी बंद ठेवण्याची पद्धत अनेक वर्षं पाळली गेली. मृग कोरडा गेला तरी हाल होऊ नयेत, म्हणून जुलैच्या मध्यापर्यंतची मर्यादा.

बंधूंनो, आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण खाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फार मुरत नाही, आणि जे मुरतं तेही उतारावरून लवकर निघून जातं. दिवाळीत भरलेली विहीर शिमग्याला तळ दाखवते ती यामुळे. १९७२च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिची माणसं ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि टंचाई कुठं येईल याचा अंदाज देतात. पण प्रत्येक पाड्याची विहीर त्यांच्या यादीत नसते. तिची नोंद आपणच ठेवायला हवी.

काम सोपं आहे. दोराला दगड बांधा आणि दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. महिन्याच्या एकाच ठरलेल्या तारखेला, पहाटे कुणी पाणी काढण्याआधी दोर सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती आणि तळापर्यंत किती, हे वहीत लिहा. चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे साडेबारा हजार लिटर. झऱ्याचं पाणी मोजायचं तर पंधरा लिटरची बादली धारेखाली धरा. ती अर्ध्या मिनिटात भरली, तर दिवसाला ४३,२०० लिटर मिळतात. माणशी ५५ लिटर धरलं तर पाऊणशे दशकांना, म्हणजे साडेसातशेहून अधिक माणसांना ते पुरतं.

या वहीचा उपयोग दोन ठिकाणी होतो. पहिला शेतीत. भेंडी किती गुंठे लावायची, हे विहीर भरलेली दिसते म्हणून ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी किती उतरतंय ते पाहून ठरवा. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा. उरलेलं कमी असेल तर भातानंतरच्या ओलीवर वाल, हरभरा घ्या. ओढा वाहता आहे तोवर पोत्यांचा वनराई बंधारा घाला. धार आटल्यावर घातलेल्या बंधाऱ्यात अडणार तरी काय?

दुसरा उपयोग ग्रामसभेत. टँकरची मागणी करायची तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि अधिकाऱ्यांची पाहणी लागते. पाहणीच्या दिवशी विहिरीत हातभर पाणी दिसलं, म्हणून गाव अडून राहता कामा नये. तीन वर्षांची वही पुढे ठेवा. कोणत्या महिन्यात पाणी किती उतरतं, हे त्यात तारखेसह लिहिलेलं असेल. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा लिहिलेल्या आकड्याकडे काणाडोळा करणं कठीण जातं.

तानसाच्या पट्टीने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ शहराला सावध ठेवलं. आपल्या पाड्याला एक दोर आणि एक वही पुरे. वही शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती द्या, आणि येत्या एक तारखेलाच पहिली नोंद करा.