उडती तबकडी आणि दुनळी : एक प्रस्तावना

नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रायफल उभी राहते, आणि त्यात नवल नाही. अंजली भागवत, २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे, ही सगळी रायफलची माणसे. श्वास रोखायचा, अंग निश्चल करायचे, मग चाप दाबायचा. शॉटगनचा खेळ मात्र उलट्या अंगाने चालतो. इथे लक्ष्य म्हणजे हवेत उडवलेली तबकडी पळते, नेमबाज तिच्यामागून वळत जातो, आणि नेम पक्का करण्यासाठी बंदूक क्षणभर थांबवली की छर्रे तबकडीच्या मागून जातात.

भारतात या खेळाचा इतिहास बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांच्यापासून सांगतात. ते पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले. दिल्लीतील तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची आहे. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना हा खेळ समजावून सांगावा लागला. महाराष्ट्र या कथेत नेहमी थोडा बाजूला राहिला आहे, पण अगदीच बाहेर नाही. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन करणारे दादासाहेब मावळंकर मराठी होते, आणि ‘शक्तिमान’ नावाची बारा बोरची काडतुसे पुण्याच्या खडकीतूनच देशभर गेली.

खेळाचे मूळ फारसे गोंडस नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पेटीतून जिवंत कबुतर सोडून त्यावर पैजा लावत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही खरी कबुतरे मारली गेली. मधल्या काळात काचेचे गोळे उडवून पाहिले गेले. मग सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने १८८० मध्ये भाजलेल्या मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले. आजच्या तबकडीत माती उरलेली नाही. ती चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची असते, व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. उडवणाऱ्या यंत्राचा झटका सोसावा, पण दोन-चार छर्रे लागताच फुटावे, असा तिचा घाट. पंचाला दिसेल एवढा एक तुकडा उडाला तरी गुण मिळतो.

ऑलिंपिक ट्रॅपमध्ये नेमबाजांपुढे १५ मीटरवरच्या खंदकात १५ यंत्रे असतात. त्यांपैकी कोणते उडणार हे ठाऊक नसते, आणि तबकडी दूर पळत जाते. स्कीटमध्ये उंच आणि बुटक्या अशा दोन घरांमधून तबकड्या आडव्या येतात, आणि त्या दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. हा प्रकार १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस आणि त्याच्या मित्रांनी शिकारीच्या सरावासाठी काढला. आधी नेमबाज पूर्ण वर्तुळात फिरत. शेजारी कोंबड्यांचा फार्म निघाला आणि वर्तुळ अर्धे करावे लागले. ऑलिंपिक खेळाचे मैदान कोंबड्यांनी आखून दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. याच स्कीटमध्ये १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शानने पुरुषांसोबत खेळून सुवर्ण जिंकले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना स्कीटच नव्हते, त्यासाठी २००० पर्यंत थांबावे लागले.

पण ऑलिंपिक हा या खेळाचा शेंडा झाला. त्याचा बुंधा आहे क्लबात. अमेरिकन ट्रॅपमध्ये खंदक नसतो. एकच यंत्र, १६ यार्डांवर पाच जागा आणि पंचवीस तबकड्या. त्यातली हँडिकॅपची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. चांगला नेमबाज मागे सरकवला जातो, अगदी २७ यार्डांपर्यंत. म्हणून निवृत्त शिक्षक, शेतकरी आणि राज्यविजेती एकाच तुकडीत उभे राहून खरोखरीची चुरस करू शकतात. ब्रिटनमध्ये पोलिसांनी मान्य केलेल्या जागी आणि वेळी, स्वतःचे शॉटगन प्रमाणपत्र नसलेल्यालाही तबकड्यांवर बंदूक चालवता येते. तिथल्या मराठी कुटुंबांनी एखादा रविवार अशा क्लबात घालवायला हरकत नाही.

क्लबाचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र बंदूक निवडताना होतो. नवखा माणूस विचारतो, “कुठल्या कंपनीची घेऊ?” जुना सदस्य त्याला आधी समोर बोट रोखून उभे राहायला सांगतो, एकेक डोळा मिटायला लावतो आणि त्याचा कोणता डोळा प्रभावी आहे ते पाहतो. यामागे कारण आहे. रायफलला मागे दर्शक असतो. शॉटगनच्या टोकाला फक्त एक बारीक मणी असतो आणि मागचा दर्शक म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. दस्ता गालाला जिथे टेकतो, तिथून त्या डोळ्याची उंची ठरते. डोळा वर राहिला तर छर्रे वर जातात. दस्ता लांब असला तर तो बगलेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर आदळतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रभावी असेल, तर तो मिटायचा, चष्म्यावर पट्टी लावायची की खांदाच बदलायचा, हे प्रशिक्षकासोबत ठरवलेले बरे. पेराझी किंवा क्रीगहॉफ अशा महागड्या कंपनीचे नाव त्यात काही मदत करत नाही. दस्ता अंगाला बसलेली साधी बंदूक न बसलेल्या महागड्या बंदुकीपेक्षा जास्त तबकड्या फोडते, हे माझे ठाम मत आहे.

बाकीचे निर्णय त्यामानाने सोपे आहेत. बोर बारा. नळ्या एकावर एक, कारण दृष्टीची रेघ एकच राहते, दोन नळ्यांना वेगवेगळे चोक, म्हणजे तोंडाशी कमी-जास्त आवळ, देता येतात, आणि मोडून उघडलेली बंदूक रिकामी आहे हे दुरूनही दिसते. सेमी-ऑटोमॅटिकचा धक्का सौम्य असतो, पण ती भरलेली आहे की नाही हे शेजाऱ्याला पटकन कळत नाही. नळी तीस इंचांची, वजन साडेतीन किलोच्या आसपास. वजनाला भिऊ नये, जड बंदूक खांद्याला कमी मारते. ट्रॅपमध्ये तबकडी दूर जाते म्हणून चोकची आवळ जास्त, स्कीटमध्ये जवळजवळ नसतेच. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, कारण तबकडी चढत असते. म्हणून खेळ ठरल्याशिवाय बंदूक ठरत नाही, आणि सगळे करून पाहायचे असेल तर बदलत्या चोकची स्पोर्टिंग बंदूक घ्यावी.

गावाकडच्या घरी आजोबांची आडवी दुनळी असेल, तर ती या कामाला आणू नये. ती रानात दिवसभर वागवण्यासाठी हलकी बनवलेली असते. पन्नास काडतुसांनंतर खांदा काळानिळा होतो, आणि जुन्या नळ्या आधी जाणकाराकडून तपासून घ्याव्याच लागतात.

आपल्याकडे परवाना हातात आल्यावरच बंदूक घेता येते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ क्लबात बंदुका हाताळण्यात घालवावा. हिशेब करताना बंदुकीच्या किमतीवर अडू नये. पंचवीस तबकड्यांच्या चार फेऱ्या म्हणजे अमेरिकन ट्रॅपमध्ये शंभर काडतुसे, आणि एका तबकडीवर दोन बार मारू देणाऱ्या ऑलिंपिक ट्रॅपमध्ये त्याहून अधिक. आठवड्याला एकदा गेले तरी दोन-तीन वर्षांत काडतुसांचा खर्च साध्या बंदुकीला मागे टाकू शकतो, तेव्हा अंदाजपत्रकात पहिली ओळ काडतुसांची लिहावी.