खुर्ची एकाची, मते दुसऱ्याची

गेल्या पेसाहच्या सणाला लंडनचे आमचे आतेभाऊ सहकुटुंब आमच्याकडे उतरले होते. जेवणे झाल्यावर गोष्टी विलायतेच्या राजकारणावर आल्या आणि बघता बघता नवराबायकोत जुंपली. २०१६ च्या सार्वमतात आतेभावांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते, तर वहिनींनी आत राहण्याच्या. आतेभाऊ म्हणाले, "बहुमत म्हणजे बहुमत!" वहिनी म्हणाल्या, "तिथे बहुमताचे सरकार कधी असते का?" आमचा जन्म रुग्णालयात गेला, तापाचा आकडा पाहिल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय अंगात मुरलेली. सण सरल्यावर आकडे काढून बसलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भारतात शाळेत असताना नागरिकशास्त्रात आम्ही जी पद्धत शिकलो ती मूळची इंग्रजांचीच. एका मतदारसंघातून एक सभासद, आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. तिघांना ४०, ३५ व २५ मते पडली तर ४० वाला निवडून येतो. उरलेली ६० वाया जातात. असे ६५० मतदारसंघांत घडते, आणि ज्या पक्षाचे निम्म्याहून अधिक सभासद त्याचे सरकार. त्यामुळे पार्लमेंटातले बहुमत वेगळे आणि जनतेतले वेगळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये एकाही पक्षाला निम्मी मते मिळालेली नाहीत. १९५५ साली हुजूर पक्ष व त्याचे मित्र ४९.७ टक्क्यांपर्यंत पोचले, तीच मोठी मजल. थॅचरबाईंना १९८३ साली ४२.४ टक्के मतांवर ३९७ जागा मिळाल्या. २०२४ साली मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा जिंकल्या. २०१५ साली तर युकिप पक्षाच्या ३८ लाखांहून अधिक मतांना एकच जागा मिळाली, आणि स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी साडेचौदा लाख मतांत ५६ जागा घेतल्या. २०१० साली हुजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांचे संयुक्त सरकार आले, त्यांची मते मिळून मात्र ५९ टक्के होती. पुढे २०११ साली पद्धत बदलावी का असे लोकांनाच विचारले, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ६७.९ टक्के लोक नको म्हणाले.

म्हणजे वहिनींचे म्हणणे खरे ठरले. पण आतेभाऊही खोटे नव्हते. सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. हे जनतेचे उघड बहुमत. तरी त्यानंतर साडेतीन वर्षे घोळ का चालला? रोगी "मला घरी सोडा" म्हणतो, पण घरी औषध कोणते, पथ्य कोणते, हे त्यातून कळत नाही. तसेच इथे झाले. बाहेर पडायचे ठरले, कसे ते ठरले नव्हते. २०१७ साली मेबाईंचे पार्लमेंटातले बहुमत गेले. १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा घेऊन आले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. त्या निवडणुकीत पुन्हा सार्वमत मागणाऱ्या पक्षांची मते एकत्र केली तर निम्म्याहून किंचित जास्तच भरतात. पण ती वाटली गेली होती.

या साऱ्या आकड्यांत आम्ही १९५१ सालापाशी थांबलो. ॲटली यांच्या मजूर सरकारने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली होती. आम्हा परिचारिकांना त्या सेवेचे अप्रूप फार. १९५१ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली. मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा सुमारे २ लाख ३० हजार मते जास्त पडली, पण जागा २९५ आणि हुजूर पक्ष व मित्रांच्या ३२१. हुजूर गोटाचे चार उमेदवार बिनविरोध आले होते हे खरे. तरी एवढी मते मिळवून हरणे कोणालाही झोंबेल. ॲटलींनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि चर्चिल आले. आणि कमी मतांवर आलेल्या त्या सरकारने आरोग्यसेवा मोडली नाही. औषधांच्या चिठ्ठीवर १९५२ साली पैसे बसवले, पण दवाखाने सर्वांचे राहिले.

इस्रायलमध्ये सारा देशच एक मतदारसंघ. मते वाया जाणे कमी, पण १२० पैकी ६१ जागा आजवर कोणत्याही एका पक्षाला मिळाल्या नाहीत. १९६९ साली माराखला ५६ मिळाल्या, तो उच्चांक. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच वेळा मतदान करून आपण दमलो. तेव्हा निर्दोष तराजू कोणाकडेच नाही.

आम्हाला वाटते, हरलेल्याने खुर्ची सोडावी आणि जिंकलेल्याने आपल्याला मत न देणाऱ्यांचीही आठवण ठेवावी, एवढे घडले तर कोणतीही पद्धत चालते. २०१६ नंतर ब्रिटनमध्ये या दुसऱ्या गोष्टीची वाण पडली, म्हणून घराघरांत भांडणे राहिली. आतेभावांना हे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "वहिनीला सांगू नकोस." वहिनी शेजारीच बसून ऐकत होत्या.

वाचकांचे मत वेगळे असल्यास अवश्य कळवावे.