पंगत : एका ओळीची कुळकथा

जमिनीवर एका ओळीत मांडलेली पाने, प्रत्येक पानामागे पाट, आणि सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसून एकाच वेळी उठण्याचा दंडक, एवढ्यावर जी भोजनव्यवस्था उभी राहते तिला मराठीत पंगत म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘पंक्ति’ या शब्दापासून आलेला असून त्याचे नाते ‘पंच’ या संख्येशी आहे. प्रत्येकी आठ अक्षरांच्या पाच चरणांचा जो वैदिक छंद आहे त्याचेही नाव पंक्तीच, आणि ‘पाचांचा समूह’ या मूळ अर्थावरून पुढे ‘रांग’ हा अर्थ रूढ झाला. ज्या वाटेने ‘भक्ता’चा ‘भगत’ आणि ‘रक्ता’चे ‘रगत’ झाले, त्याच वाटेने पंक्तीची पंगत झाली. प्राकृतातून उतरलेल्या दुसऱ्या शाखेत मात्र हा शब्द हिंदीत ‘पाँत’ होऊन ‘जात-पाँत’ या जोडशब्दात स्थिरावला. मराठीत ‘जातपात’ म्हणताना त्यातील ‘पात’ हा नुसता यमकासाठी जोडलेला शब्द वाटतो, परंतु मुळात ती जेवणाची पंगतच आहे, कारण माणसाची जात कोणती आणि तो कोणाच्या ओळीला जेवतो हे दोन प्रश्न शतकानुशतके एकच मानले गेले.

पंक्तीचे सर्वांत काटेकोर नियम श्राद्धाच्या भोजनासाठी रचले गेले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या ओळीत बसवू नयेत अशांची लांबलचक यादी असून, चोर आणि नास्तिक यांच्याबरोबरच रोग्यांवर उपचार करणारा वैद्य आणि वेतनावर देवपूजा करणारा पुजारीही त्या यादीत आहे. अशा वर्ज्य माणसाला ‘अपांक्तेय’, म्हणजे ओळीस अपात्र, असे म्हणत. याउलट षडंगांसह वेद जाणणारा जो ब्राह्मण आपल्या नुसत्या उपस्थितीने सबंध ओळ शुद्ध करतो असे मानले जाई, तो ‘पंक्तिपावन’. ओळ ही अशी एकसंध वस्तू समजली गेल्यामुळे एकाचा दोष सर्वांना लागतो, ही समजूत ओघानेच आली. ओळीत बसलेल्या एखाद्या दुराचाऱ्याचे पाप ओळ मोडेपर्यंत सर्वांच्या वाट्याला येते, असे धर्मशास्त्रकारांनी मानले आणि त्यावरची तोडही त्यांनीच सांगितली: दोन पानांच्या मध्ये अग्नी, भस्म, पाणी, खांब, दार किंवा वाट असेल तर तेथे ओळ तुटली असे समजावे. पाण्याची एक रेघ ओढली की शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या पंक्तीतला ठरे.

आज ज्याला निव्वळ सौजन्य समजले जाते, ते सर्वांचे होईपर्यंत न उठण्याचे बंधन याच मुळातून उगवलेले आहे. भोजनाच्या आरंभी पानाभोवती पाणी फिरवून तळहातावरचे थोडे पाणी पिणे याला आपोशन म्हणतात. अन्नाखाली घातलेले आसन म्हणून हे पाणी घ्यायचे आणि शेवटी अन्नावरचे झाकण म्हणून पुन्हा घ्यायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. हे शेवटचे पाणी एकाने आधी घेतले किंवा तो उठून गेला, तर इतरांच्या पानांतले अन्न उष्ट्यासारखे ठरे, म्हणून भरभर जेवणाऱ्यालाही शेजाऱ्यासाठी थांबावे लागे. विटाळाच्या भीतीतून जन्मलेल्या या नियमाने दात गेलेल्या वृद्धाला आणि घास चिवडत बसणाऱ्या मुलाला मात्र निवांतपणा दिला, आणि यजमान पंगतीतून फिरताना जे ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो त्या शब्दांना या नियमामुळेच खरा अर्थ आला.

पान वाढण्याचा क्रमही असाच बांधलेला आहे. प्रथम पानाच्या वरच्या अंगाला मधोमध मीठ पडते, मग डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाज्या, आणि मध्यभागी भाताची मूद व तिच्यावर वरण. भातावर तुपाची धार पडली की अन्न शुद्ध झाले असे मानतात, म्हणून त्या थोड्याशा तुपाला ‘अन्नशुद्धी’ हे नाव मिळाले. सर्व पानांवर तूप पडेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. त्यानंतर पानाच्या उजवीकडे भाताच्या लहान घासांच्या चित्राहुती, आपोशनाचे पाणी, पंचप्राणांना उद्देशून पाच प्राणाहुती, आणि मगच जेवण.

या सर्व नियमांत मोलाचा नियम मात्र जेवणाऱ्याचा नसून वाढणाऱ्याचा आहे. एकाच ओळीत बसलेल्यांपैकी एकाला अधिक किंवा चांगले आणि दुसऱ्याला कमी वाढणे याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि धर्मशास्त्रानेही हा दोष मानलेला आहे. तेव्हा ओळीच्या आत पूर्ण समता आणि ओळीबाहेरच्यासाठी काहीच नाही, असे पंगतीचे मूळ रूप होते. ज्यांना ही समता आत दिसली त्यांनी ओळच लांबवण्याचा प्रयत्न केला.

पैठणच्या एकनाथांविषयीची परंपरागत कथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण त्यांनी अस्पृश्यांना जेऊ घातले ते अन्न नेमके श्राद्धाचे होते, म्हणजे जेथे ओळीचा पहारा सर्वांत कडक तेथेच त्यांनी तो ओलांडला. त्याच सोळाव्या शतकात पंजाबात गोइंदवाल येथे तिसरे शीख गुरू अमरदास यांनी, आपल्या भेटीला येणाऱ्याने आधी लंगरमध्ये सर्वांबरोबर ओळीत बसून जेवावे, असा दंडक घातला. तेथे या ओळीला ‘पंगत’च म्हणतात, आणि नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये मराठी माणूस लंगरला बसतो तेव्हा दोन्ही परंपरांचा शब्द एकच असतो.

पुढे मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव एकत्र बसून खात, पण ते गुप्तपणे. सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर सभाच मोडली. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली, त्या पाहुण्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. रत्नागिरीच्या पतितपावन मंदिरातील सहभोजने आणि अनंत हरी गद्रे यांचे झुणका-भाकर सत्यनारायण यांत हीच ओळ उघडपणे, भर समाजात मांडली गेली. लाहोरच्या ‘जात-पात तोडक मंडळा’च्या नावात तर ही पंगत उघडच होती. त्या मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु अधिवेशन रद्द झाल्याने १९३६ साली स्वतःच छापलेल्या आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नावर स्पष्ट मत मांडले: केवळ सहभोजनाने जात मोडत नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाहच हवेत. हा निर्णय कठोर असला तरी खरा आहे, कारण पाण्याची रेघ पानांमधून पुसली गेली तरी ती घरात शिल्लक राहू शकते.

ती घरात कशी शिल्लक राहते हे पाहायला दूर जावे लागत नाही. पहाटेपासून चुलीपाशी राबलेल्या बायका अनेक घरांतल्या कार्यांत शेवटच्या पंगतीला बसतात, आणि तोवर भाजी तळाशी गेलेली, भात गार झालेला असतो. एकाच अन्नाचे असे दोन वाटे होणे हा पंक्तिप्रपंचच होय. ज्यांच्या घरी पुढचे कार्य असेल त्यांनी स्वयंपाक करणाऱ्यांची पाने पहिल्याच पंगतीत मांडावीत आणि वाढायला पुरुषांनी उभे राहावे.