फणस नुसता नावात उरण्याआधी

गिरगावातली फणसवाडी सगळ्यांना माहीत आहे. बालाजीचं देऊळ, चाळी, गर्दी. पण पत्ता सांगताना आपण एका झाडाचं नाव घेतोय, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आपल्या उपनगरांत तसं व्हायला नको, म्हणून हा थोडा इतिहास.

बाबरानं आपल्या आत्मचरित्रात फणसाला नावं ठेवलीत. उलट्या केलेल्या मेंढीच्या आतड्यासारखा दिसतो म्हणे! बहुतेक त्याला कुणी नीट पिकलेला कापा दिला नसावा. पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात फणसाबद्दल लिहिलं. याच माणसाकडे तेव्हा मुंबई बेट भाडेपट्ट्यानं होतं. मल्याळम 'चक्का'चं पोर्तुगीजांनी 'जाका' केलं, त्यावरून इंग्रजांचा 'जॅक' आला. आपला मात्र फणसच राहिला.

१७३७ ला साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, १७७४ ला इंग्रजांकडे गेली. राज्यं बदलली, परसातला फणस राहिला. कुयरीची भाजी, बरक्याची सांदणं, पावसाळ्यात आमटीत आठळ्या, म्हातारं झालं की दारांना लाकूड. एवढं देणारं झाड कोण तोडणार?

आता तोडतात. पुनर्विकासाच्या बातम्या करताना मी एक वाक्य सतत ऐकतो, "एकाच्या बदल्यात भरपूर झाडं लावू." फणसाच्या बाबतीत हे तितकं सोपं नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं झाड उचलून दुसरीकडे जगवणं फार कठीण. आठळीही ताजीच लावावी लागते, वाळली की रुजत नाही. आणि फळ धरतं ते खोडावर, जुन्या फांद्यांवर. म्हणजे जून खोड हीच खरी ठेव.

राज्याच्या झाडांच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरलं. तोडायचंच झालं तर झाडाचं जितकं वय, किमान तितकी नवी झाडं लावायची. आता हिशोब करा. अंधेरी, घाटकोपर मुंबई महापालिकेत आले १९५० ला, बोरीवली, मुलुंड १९५७ ला. म्हणजे महापालिका दारात येण्याआधीपासून उभा असलेला प्रत्येक फणस आज कायद्यानं वारसा आहे.

पण हे वय कागदावर कोण लिहितं? परवानगीच्या अर्जात पासष्टचा फणस तिशीचा दाखवला, तर त्याचा वारसाही गेला आणि पस्तीस रोपंही गेली. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, झाड कुणी लावलं, कधी लावलं. अंगणातल्या मुंजी-बारशाचे जुने फोटो काढा, मागे फणस दिसेल. खोडावर नोटीस दिसली की विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात लेखी हरकत द्या, पोच घ्या.

तुमच्याकडे जुना फणस असेल तर भाग आणि अंदाजे वय मला कळवा. यादी करूया. नोटीस लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती आधीच हातात असलेली बरी.