सोडून दिलेल्या माशाची नोंद

घोटीत उतरलात की भाताच्या गिरण्या आणि भंडारदऱ्याकडे निघालेल्या गाड्या मागे टाका आणि दारणेच्या काठाला या. मृग लागून गेलाय, पाणी तांबडं आहे. आता शंभराहून जास्त वर्षं मागे सरका. महामार्गावरचे ट्रक नाहीसे होतील, आगगाडी मात्र राहील. कसाऱ्याचा घाट ती 1865 सालीच चढली आहे.

साल 1912. खाली नांदगावजवळ दारणेवर दगडी भिंत चढते आहे. 1916 मध्ये ती पुरी होईल आणि निफाडपासून पुढची रानं भिजवील. पण तुम्ही इथे आला आहात माशासाठी. गोदावरीच्या खोऱ्यातला महाशीर पहिल्या पुराचा वास लागला की प्रवाहाच्या उलट निघतो. वरच्या अंगाला, गोटे आणि वाळू असलेल्या वाहत्या पाण्यात त्याला अंडी घालायची असतात. हातभर मासा, रुपयाएवढे खवले. तोंडात दात नाहीत. दात घशात, गोगलगाय चुरडण्याइतके जबर. या भिंतीला पाणी सोडायला दारं आहेत, मासा वर चढायला वाट नाही. इथे फार थांबू नका. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आणखी मागे, 1820 च्या दशकात. मुळामुठेच्या काठी एक गोरा लष्करी अधिकारी टेबलावर मासे मांडून बसला आहे. हा विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करतो: पिकं, माणसं, पक्षी, मासे, जे दिसेल ते. जाळं टाकणारी माणसं माशाला जे म्हणतात तेच तो उतरून घेतो. 1839 मध्ये छापलेल्या यादीत एक मासा ‘खुद्री’ म्हणून येतो, शिरूरजवळच्या घोड नदीतला दुसरा ‘मुसुल्ला’ म्हणून. हा दुसरा लक्षात ठेवा. या नोंदीमुळे पुढे एका माशावर जवळजवळ बालंट येणार आहे, आणि त्यात साइक्सची काहीही चूक नाही.

आता एक उडी समुद्राकडे, कारण नदीकाठचा गळवाला ज्या रिवाजाने वागणार आहे तो तिथे घडला. 1954. अटलांटिकच्या किनाऱ्यावर वुड्स होलच्या संशोधन संस्थेतला फ्रँक मॅथर हौशी गळवाल्यांच्या हाती बारीक, क्रमांक घातलेल्या खुणा देतो. तुम्ही नावेवर आहात, दोर हाताला कापतो आहे, खाली कुप्पा खेचतो आहे. मासा नावेजवळ आला की त्याला मारायचं नाही. पाठीच्या पराजवळ खूण टोचायची, तारीख, जागा आणि अंदाजे वजन लिहायचं, दोर कापायचा. पुढे कुणी कुठे तो पकडला आणि खूण परत पाठवली तर कळतं, मासा किती वाढला, कुठून कुठे गेला. अमेरिकेच्या काठाला टोचलेले मासे युरोपच्या बाजूला सापडले, तेव्हा दोन किनाऱ्यांवरच्या कोळ्यांचा मासा एकच आहे हे कागदावर आलं. आपल्या हिंदी महासागरात 2005 ते 2007 या काळात दीड लाखांहून जास्त कुप्प्यांना अशा खुणा टोचल्या गेल्या. पण हे पगारी बोटींचं काम. मॅथरची गंमत अशी की त्याने शौकिनाच्या फुशारकीला कामाला लावलं. केवढा मासा धरला हे सांगायला गळवाला एरवीही उतावीळ असतोच. आता त्याने ते लिहून द्यायचं होतं.

परत घाटावर या. लोणावळा, 1970 च्या दशकातला जुलै. वळवणचं धरण टाटांच्या वीज कंपनीचं. पाऊस असा की छत्री उघडण्यात अर्थ नाही. तलावाला ओढा मिळतो तिथे जाळं लागलं आहे आणि तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे आहात. राज्याच्या मत्स्यखात्यात आयुष्य घालवलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी साइक्सच्या खुद्री महाशिराच्या मागे आहेत. अंडी कशी घालतो, पिल्लू कसं वाढतं, हे त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं आहे. त्यांच्याबरोबर टाटांकडचे एस. एन. ओगले. मादी हातात येते, जड, निसटती. पोटावरून अंगठा हलकेच मागे सरकतो आणि पिवळसर अंडी थाळीत पडतात. वर नराचं दुधासारखं वीर्य, मग पिसाने ढवळणं, मग स्वच्छ पाणी. हात कोरडा चालत नाही, घाईचा तर मुळीच नाही. तीनेक दिवसांत पिल्लं फुटतील.

पुढची युक्ती बघाच. फळलेली अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवता येतात, पाण्याचा डबाही लागत नाही. कुलकर्णी-ओगले जोडीने ते करून दाखवलं आणि 1979 मध्ये छापलं. धरणांनी हटवलेला मासा एका धरणमालकाच्या तलावात वाढवून देशभर वाटायचा, यात तुम्हाला तेव्हा खोट दिसणार नाही. मलाही दिसली नसती. याच दशकात लोणावळ्याची बोटुकली कावेरीला जातात.

तिथेच चला. गालिबोरे, कर्नाटक. दोड्डमाकळी आणि भीमेश्वरीच्या शेजारचा, अभयारण्यातला हा गळवाल्यांचा तळ, आणि साल 1998 ते 2012 मधलं कुठलंही. गळाला लावायचा तो नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. घोटीकडे नागली म्हणतात तीच. बरोबरचा वाटाड्या एकेकाळी चोरून सुरुंग लावून मासे मारायचा. आता त्याला पगार आहे आणि सुरुंगवाल्यांच्या वाटा त्याला पाठ आहेत, म्हणून या पट्ट्यात ते फिरकत नाहीत. रीळ किंचाळतं. मासा खडकांकडे पळतो, तुम्ही गोल टोपलीनावेतून त्याच्यामागे. दमवणं लांबवू नका. जितका लांबवाल तितका तो सोडल्यावर भेलकांडेल. पाण्यातच ठेवून गळ काढा, वजन करा, तोंड प्रवाहाकडे धरून उभे राहा. शेपटी तुमच्या मुठीतून झटका देऊन निघते.

संध्याकाळी तळावर वही उघडते. किती तास गळ टाकला, किती मासे, किती वजनाचे, कुठले. कंटाळवाणं काम आहे. 2012 पर्यंत या वहीत 23 हजारांहून जास्त तासांची आणि सहा हजारांहून जास्त महाशिरांची नोंद झाली; त्यावर्षी अभयारण्यातली गळमासेमारी बंद झाली.

मग एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या अभ्यासकांनी वही वाचली. तासामागे मिळणारे मासे वर्षागणिक वाढलेले. वा, राखण फळली! पण सरासरी वजन उतरलेलं, आणि वाढ सगळी निळ्या पराच्या माशाची. तो लोणावळ्याचा. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, ज्याचा 120 पौंडांचा नमुना 1946 मध्ये काबिनीत गळाला लागला होता, तो जवळजवळ दिसेनासा झालेला. नुसते आकडे मोजले असते तर नदी भरभराटीला आली असं कुणीही म्हटलं असतं. कुबडाच्या माशाचा घात एकट्या बोटुकल्यांनी केला असं म्हणवत नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग होतेच. तरी पाहुणा वाढला आणि घरचा आटला, हे वहीत स्पष्ट आहे.

आता साइक्सचा मुसुल्ला आठवा. कुबडाच्या माशाला कित्येक वर्षं तेच नाव लावलं जात होतं, आणि ते मुळात निराळ्याच माशाचं निघालं. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या महाशिरांपैकी एकाला शास्त्रीय नावच नाही, आणि नाव नाही म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत जागा नाही.

शेवटची उडी मोयार नदीवर, कावेरीच्या खोऱ्यात, वाघ-हत्तींच्या जंगलात. इथे तो अजून आहे. मासा धरला जातो, मोजला जातो, जनुकतपासणी होते, आणि केरळच्या पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णन झालेल्या ‘टोर रेमादेवी’शी तो जुळतो. 2018 मध्ये तो लाल यादीत ‘अतिधोक्यात’ या रकान्यात दाखल होतो. त्याच सुमारास पुण्याचा खुद्री त्याच यादीत धोक्याच्या रकान्यातून बाहेर पडून ‘फारशी चिंता नाही’ इथे पोचतो, आणि त्याची बोटुकली कुठे सोडावीत, कुठे सोडू नयेत, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.