धाव, टायर आणि हवा

चाकाचा जो भाग भूमीशी घासतो, त्याच्या नावात त्याचा इतिहास बराचसा साठलेला असतो. पाथर्डी परिसरातील वाहतुकीच्या संदर्भात या इतिहासाचे दोन टप्पे प्रस्तुत टिपणात तपासले आहेत.

पहिला टप्पा बैलगाडीच्या लोखंडी धावेचा. लोहार तापवलेली धाव लाकडी चाकावर चढवी. पाणी ओतताच ती आकसून चाकाला आवळून धरी. ‘धाव’ या नामाचे नाते ‘धावणे’ या क्रियापदाशी आहे. इंग्रजी ‘टायर’चे मूळ मात्र पोशाखवाचक ‘अटायर’ या शब्दात सांगितले जाते. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल होऊन वाजू लागे. दोष कानाला कळे.

दुसरा टप्पा हवेच्या टायरचा. थॉमसनने १८४५ मध्ये व डनलॉपने १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. येथे भार मुख्यतः कोंडलेली हवा पेलते. टायर, ट्यूब, पंक्चर हे शब्द इंग्रजीतून आले. ‘हवा’ हा अरबी-फारसीतून पूर्वीच रुळलेला शब्द तसाच राहिला. दाबाचे एकक, चौरस इंचास पौंड, बोलण्यातून गळाले आणि ‘२५ हवा मार’ असा प्रयोग रूढ झाला. एककाबरोबर मापाची शिस्तही गळाली, हे अधिक चिंताजनक होय.

उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवावी, अशी समजूत आढळते. वस्तुस्थिती उलट आहे. हवा कमी असता टायर अधिक वाकतो, अधिक तापतो व त्याच्या दोन्ही कडा झिजतात; हवा जास्त असता मधला पट्टा झिजतो. म्हणून निर्मात्याने दिलेला दाब टायर थंड असतानाच मोजावा. मागे माणूस वा ओझे घेऊन करंजी घाट चढावयाचा असल्यास मागील टायरासाठी सांगितलेला वाढीव दाब भरावा. मागील स्प्रिंगचा ताणही तेव्हा वाढवावा. त्याने स्प्रिंग ताठ होत नाही. खाली बसलेला भाग पूर्ववत उंचीवर येतो. स्प्रिंगला मराठीत ‘कमान’ हा शब्द होताच. मोटरसायकलीपर्यंत मात्र तो पोहोचला नाही.

झिजलेल्या टायरास ‘गोटा’ म्हणतात. हे नाव अन्वर्थक आहे. परंतु ते अखेरच्या अवस्थेचे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरावरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरहून कमी चालत नाही. पावसात पाणी बाहेर सारण्याचे काम याच खाचा करतात. त्यामुळे गोटा होण्याची वाट पाहणे प्राणावर बेतू शकते.

धाव वाजून सूचना देत असे. हवा मूक आहे. नव्या साधनाबरोबर शब्द सहज येतात, मापन मात्र प्रयत्नाने रुजवावे लागते, हाच या स्थित्यंतराचा निष्कर्ष होय.